गादीवरचा लॅपटॉप

लॅपटॉप किती तापलाय हे बघण्याच्या नादात मी तो लॅपटॉपच मारला. झालं, लिहिलं एकदाचं. चारचौघांत हे मी कधीच बोललेलो नाही. म्हणजे — लॅपटॉप मेल्याची गोष्ट मी पुष्कळदा सांगितली आहे, लोकांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी काढलंय. फक्त त्या गोष्टीत मी नव्हतो. वैशाली होती.

मला ओळखणारे म्हणतील, हा गृहस्थ तर स्वतःच्याच फजित्यांवर जगतो. दुसऱ्याची स्कूटर आपली समजून सीबीएस स्टँडपर्यंत दामटली, स्वतःच्या साखरपुड्याला उशिरा पोचलो — सगळं रंगवून सांगतो. मग ही एकच दुसऱ्याच्या नावावर का केली? सांगतो. आडवळणानं चाललोय हे मलाही कळतंय.

दोन हजार तीन-चारचा सुमार. कॉलेज रोडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघं शिकवायचो. वैशाली सटाण्याची, इथं शहरात खोली घेऊन राहायची. क्लासचे मालक, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो, सटाण्यात शाखा काढणार होते आणि ती वैशालीकडे द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. घरी तिच्या लग्नाची घाई चालली होती. शाखा मिळाली तर स्थळं बघणं थांबवतो, असं वडिलांनी कबूल केलं होतं. हे तिनं मला सांगितलं होतं, विश्वासानं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

क्लासमध्ये लॅपटॉप एकच. भारनियमनात बाकीची मशीनं बंद पडायची, म्हणून वैशाली तो खोलीवर नेऊन नोट्स काढायची. त्यावर यंत्र चालवणारं लिनक्स मी घातलेलं — फुकटचं, सगळ्यांसाठी खुलं, आणि त्या काळात माझा जवळजवळ धर्मच झालेलं. त्यामुळे लॅपटॉपही माझाच, अशी माझी समजूत.

उन्हाळ्यात त्याचा पंखा घरघरायला लागला. आता लॅपटॉपच्या पोटात तापमान मोजणारे सेन्सर असतात, पण ते नेमके कुठं आहेत हे लिनक्सला आपणहून कळत नसे. ते हुडकणारा एक प्रोग्राम चालवावा लागे. प्रोग्राम मोठा सभ्य — दर ठिकाणी थांबून विचारायचा, इथं शोधू का? एका ठिकाणी तर त्यानं बजावलंच, की काही लॅपटॉपमध्ये इथं हात घातला तर यंत्र बिघडतं, खात्री नसेल तर नको म्हणा. मी ते वाचलं. वाचलं नाही असं अजिबात नाही. आणि येस टाइप केलं. कशासाठी? स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा झळकवून पोरांपुढे मिरवायला.

स्क्रीन थिजली. बंद करून पुन्हा सुरू केला — दिवा लागला, पडदा काळा. ज्या बारक्या चिपमध्ये यंत्र स्वतःची ओळख लिहून ठेवतं, तिची मी वाट लावली होती. मी झाकण मिटलं, लॅपटॉप बॅगेत सरकवला आणि चहाला गेलो. वैशाली जेवून आली आणि नेहमीसारखी बॅग घेऊन खोलीवर गेली.

दुसऱ्या दिवशी तीच घाबरीघुबरी होऊन सांगत आली, सुरूच होत नाही म्हणून. मोठ्या सरांनी मला विचारलं, कशानं झालं असेल? जाणकार मीच ना.

"मॅडम गादीवर ठेवून वापरतात, सर. खालची भोकं बुजतात. तापून गेला असणार." इथं थांबलो असतो तरी पुरलं असतं. पण समोर माणसं होती. "भाकरीपण भाजून घेत असतील त्याच्यावर. तवाच तो."

सगळे हसले. मोठे सरही हसले, आणि मग तिच्याकडे वळून म्हणाले, "गादीवर ठेवायचात?"

"हो सर."

ठेवायचीच. खोलीत टेबल कुठं होतं? नाही म्हणाली असती तर कोण बघायला गेलं होतं? तिनं माझ्याकडे बघितलं — संशयानं नाही, शिकायला बघतात तसं. "त्यानं एवढं होतं, सर?"

"होतं ना," मी म्हणालो.

मग तिनं मोठ्या सरांची माफी मागितली. मी शेजारी उभा होतो. मान हलवत होतो, समजूतदारपणे.

सटाण्याची शाखा मला मिळाली, आणि मी ती वर्षभरात बुडवली. वैशालीचं लग्न पावसाळ्याआधीच उरकलं. तिची नोकरी सुटली.

आता खरं सांगायचं ते हे, की भीतीनं बोललेलं खोटं तिथंच संपू शकलं असतं. मी ते पाळलं, खाऊपिऊ घातलं. पोरांनी तिला 'तवा मॅडम' म्हणायला सुरुवात केली, ते नाव माझं. ती गेल्यावरही गोष्ट वाढत राहिली. तिच्या हातात उलथनं दिलं. नंतर तिच्या तोंडी अहिराणी घातली — "सर, हाई गरम कसं शे?" — तिच्या माहेरची बोली, हशा पिकवायला. ती अशी कधी बोललीच नव्हती. मजा यायची मला. हे लपवून काय करू?

काही वर्षांनी गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर जुन्या विद्यार्थ्याचं रिसेप्शन होतं. जेवताना पोरांनी धरलं, सर, तव्याचा किस्सा. मी ताट ठेवून उभा राहिलो, सगळा किस्सा केला, उलथन्यासकट. हशा ओसरला तेव्हा दिसलं — कडेच्या खुर्चीवर वैशाली बसली होती, मांडीवर झोपलेली मुलगी.

मी तिच्यापाशी गेलो. खरं काय घडलं ते सगळं सांगितलं — सेन्सर, तो प्रश्न, येस. बोटानं हवेत कळ दाबून दाखवली. पडदा काळा झाला तेव्हा माझं तोंड कसं झालं होतं, तेही करून दाखवलं.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मुलीचं डोकं दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"झालं करून?" ती म्हणाली. "मग जा तिकडं. हसणारे तिकडं आहेत."