कातरबाईचा पट

आमच्या गल्लीच्या टोकाला एक शिवणकाम करणारी बाई राहते. सगळे तिला कातरबाई म्हणतात. धंदा तो, आणि जीभही तशीच. कापडावर खडूची रेघ ती एकदाच ओढते. खोडणं तिला ठाऊक नाही.

चाळिशीत तिला बुद्धिबळाचा नाद लागला. वाचनालयातून आणलेलं डावांचं पुस्तक उशाशी असायचं. पुढे आमच्या गावच्या बुद्धिबळ संघात बायकांसाठी एक जागा निघाली. ती आपलीच, असं तिनं मनाशी धरलं आणि सरावासाठी संच घ्यायला दुकानात गेली. सोंगट्या तिनं कापडासारख्या चाचपल्या. प्लॅस्टिकच्या, साध्या, बुडात वजन असलेल्या. पट गुंडाळता येणारा, एका घरात चार प्यादी मावतील एवढा. पण सोबत थोरला भाऊ होता, न्हावी.

"हे कसलं पोरखेळाचं? माझ्या बहिणीला राजेशाहीच देणार मी!" त्यानं काचेच्या कपाटातला संगमरवरी संच उतरवायला लावला.

"दादा, मला खेळायचंय. मांडून ठेवायचं नाही."

"गप गं. भावाचा मान राख जरा, चारचौघांत."

ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा तिला अजून संताप येतो.

त्या संचातला राजा सिंहासनावर बसलेला, म्हणून बुटका. वजीर उभा, डोक्यावर हा एवढा तुरा. सहा महिने, मशीनला पाय लावण्याआधी, रोज सकाळी तिनं पुस्तकातली एकेक खेळी त्या दगडांवर केली. डोळे पानावर, हात पटावर. सगळ्यांत उंच तो वजीर, हे तिच्या हातानं पाठ करून टाकलं.

निवडीच्या सामन्यांत पट साधे होते, आणि तिथं सगळ्यांत उंच होता राजा. पहिले डाव तिनं सावकाश, बघून खेळले, जिंकले. शेवटच्या डावात घड्याळात मिनिट उरलं होतं. वजिराची एक खेळी, की मात. तिची नजर समोरच्या राजावर खिळली, हात आपल्या वजिराकडे गेला, आणि वर आला तो स्वतःचा राजा घेऊन.

हात लागला की तीच सोंगटी खेळावी लागते. तिनं राजा सरकवला. पुढच्याच खेळीत तिच्यावर मात झाली. जागा गेली.

ती तडक भावाच्या घरी गेली. तो जेवत होता. तिनं संगमरवराची पेटी त्याच्या ताटाशेजारी आदळली आणि घडलं ते सांगितलं.

"अगं, खेळच तो! एवढं काय आभाळ कोसळलं?"

"असं? उद्या तुला चांदीच्या मुठीचा बोथट वस्तरा आणून देते. कर दाढ्या. गिऱ्हाइकाचा गाल कापला की म्हण, गालच तो!"

वहिनीला ठसका लागला. हसू होतं की भीती, कोण जाणे.

"मी हौसेनं दिलं होतं गं..."

"हौस तुझी. सहा महिने माझे गेले."

दुकान बंद व्हायच्या आत तिनं तो साधा संच विकत घेतला. पुढची निवड वर्षानं आहे. पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा सुरू झालंय. सकाळी खिडकीपाशी उभं राहिलं तर ऐकू येतं: हात चुकला की ती हातालाच शिवी हासडते, राजा जागेवर ठेवते आणि वजीर उचलते. एकदा, दहादा, वीसदा. भावाशी मात्र ती अजून बोलत नाही.