कुऱ्हाडीच्या कार्डावरचं नाव

"कार्डावर लिहिलेलं जपायचं, त्यावर प्रश्न विचारायचे नाहीत." जपानमध्ये कावासाकीजवळच्या एका छोट्या संग्रहालयात मी रुजू झाले, त्या दिवशी प्रमुख मोरी-सान यांनी मला हा नियम सांगितला. माझं काम इंग्रजी कार्डं लिहिण्याचं. न विचारलेले प्रश्न साठत गेले, त्यांच्याबरोबर किस्सेही. बहुतेक एकाच वस्तूचे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची कुऱ्हाड. पात्याच्या मागे चिलीम, दांडा आतून पोकळ. भांडण असेल तर पातं, समेट झाला की धूर! कार्डावर 'मालक: अज्ञात'.

*

मला ही नोकरी मिळवून देणारे जोशीकाका तीस वर्षं जपानमध्येच आहेत. कुऱ्हाड बघून म्हणाले, "म्हणजे आधी डोकं फोडायचं, मग एकत्र दम मारायचा? आमच्या पुण्याच्या सोसायटीत एक पाठव!"

मग जरा वेळाने हळूच विचारलं, ही घरी कधी जाणार.

मी म्हटलं, "तुम्ही कधी जाणार?"

काकांनी छत्री उचलली.

*

मोठ्या भूकंपानंतर आमच्याकडची प्रत्येक वस्तू पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेली असते. एकदा चांगलाच धक्का बसला. मी टेबलाखाली, आणि मोरी-सान या वयात कपाटाला पाठ लावून उभे.

पाच मिनिटांत आईचा फोन. टीव्हीवर दाखवतायत, आता पुरे, परत ये.

"अगं, आम्हाला सगळ्यांना बांधून ठेवलंय इथे," मी म्हटलं.

ती हसली नाही. खरं तर मीही नाही.

*

वर्षातून एकदा साफसफाई. कोणी नाही बघून मी चिलमीला नाक लावलं. तंबाखूचा अगदी पुसट वास अजून होता. कोणाच्या तरी अंगणातला, कुठल्या तरी संध्याकाळचा. मला उगाच घर आठवलं.

मान वर केली तर मोरी-सान दारात. आता बोलणी बसणार!

ते म्हणाले, "यंदा थोडा कमी झालाय, नाही?"

*

मार्चमध्ये अमेरिकेहून एक आजी आल्या. जवळ पणजोबांचा फोटो, त्यांच्या हातात कुऱ्हाड. दांड्यावर पितळी खिळ्यांची रांग, तिसरा खिळा गायब. आमच्या कुऱ्हाडीचाही तिसराच गायब.

मी दोरा सोडला. आजींनी चिलमीला नाक लावलं आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मागितलं एवढंच, की कार्डावर पणजोबांचं नाव लिहा. फोटो ठेवून त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी मोरी-साननी माझ्यासमोर कोरं कार्ड ठेवलं. जुनं पिवळं पडलेलं; नव्यावर मजकूर मात्र जुनाच लिहायचा. आज नाव लिहिलं तर उद्या कुऱ्हाड मागतील, ही भीती. मला समजवायला काकांना मुद्दाम बोलावलेलं.

"रेवा, तुझा व्हिसा यांच्या सहीवर आहे," काका मराठीत म्हणाले. "एक शब्द तर लिहायचाय. लिही आणि मोकळी हो."

मी पेनाला टोपण लावलं.

"'अज्ञात' मी लिहिणार नाही. मला त्यांचं नाव माहीत आहे."

हेच मोरी-सानना जपानीत सांगितलं.

मोरी-सान कोऱ्या कार्डाकडे बघत राहिले. काका कुऱ्हाडीकडे.