पहिल्या बाकावरची बेसूर पोरगी

सरकारी शाळेत गाण्याचा तास सुरू करणारी आमच्याकडची पहिली बाई म्हणजे माझी आत्या. आणि तिच्या वर्गातली सगळ्यात बेसूर पोरगी म्हणजे मी. आता बोला!

बेसुऱ्यांना आत्या पहिल्या बाकावर, पेटीला चिकटून बसवायची. कुणी घसरलं की भाता थांबवायची, त्या पोराचा सूर पेटीवर शोधायची आणि अख्ख्या वर्गाला तिथून पुन्हा गायला लावायची. हेडमास्तर करवादायचे, "बाई, अशानं वर्षभरात एक गाणं पुरं व्हायचं नाही!"

मग तपासणी आली. गाण्याचा तास ठेवायचा की कायमचा बंद करायचा, ते त्या दिवशी ठरणार होतं. हेडमास्तरांनी सकाळीच दम भरला, "बेसुऱ्यांनी नुसते ओठ हलवायचे. आवाज काढलात तर याद राखा!" पाणी पिताना पेला आत्याच्या दातांवर वाजत होता. तिला घाबरलेली पाहून मी जास्तच घाबरले.

साहेब आले, गाणं सुरू झालं. मी नुसते ओठ हलवत होते. साहेब फिरत फिरत माझ्यापाशी थांबले, वाकले, कान लावला.

"ही गात नाही. ऊठ गं, एकटी म्हण."

माझी पाचावर धारण बसली. तोंड उघडलं आणि पहिल्याच ओळीत घसरले. पेटी थांबली. संपलं! आत्याचा तास मी बुडवला, म्हणून मला रडूच फुटलं. तेवढ्यात तिचं बोट एका पट्टीवर टेकलं. तो माझाच सूर होता. मागून एकीनं तो धरला, मग सगळ्यांनी. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही, रोजची सवयच होती.

साहेब शेवटपर्यंत उभे राहिले. "तास चालू ठेवा," एवढंच म्हणाले. ते गेल्यावर आत्या मटकन खाली बसली.

तिच्यामागं तो तास माझ्याकडे आला. हो, माझ्याकडेच, हसू नका! परवा पुन्हा तपासणी झाली. नव्या साहेबांनी नेमकी पहिल्या बाकावरची पोरगी उठवली. ती घसरली. मी भाता थांबवून तिचा सूर शोधायला बोट उचललं, तोवर मागच्या बाकांनी तो धरलाही होता.