प्रशियाचा सेनापती आणि आमची लेझीम

साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत मी पी.टी. शिकवायची. माझी शिट्टी वाजली की मैदानावरच्या मुलीच काय, स्टाफरूममधले गणिताचे सरसुद्धा हातातला कप खाली ठेवून ताठ व्हायचे. अशी बाई निवृत्त होऊन मुलाकडे ओहायोतल्या डब्लिनला आली, तर ती खिडकीत बसून हिरवळीवरचे ससे बघत राहणार नव्हती. इथल्या मराठी मंडळाला गावच्या चार जुलैच्या, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत मुलांची लेझीम उतरवायची होती आणि शिकवायला माणूस मिळत नव्हता. मी मुलाला म्हणाले, "माझं नाव दे."

त्याने दिलं, पण नुसतं नाव देईल तर तो माझा मुलगा कसला. मंडळाच्या ईमेलमध्ये मी थेट 'महाराष्ट्राच्या क्रीडा खात्याच्या माजी संचालिका' झाले होते. हा काय चावटपणा, असं विचारलं तर म्हणाला, "अगं आई, नुसतं पी.टी. टीचर लिहिलं तर शनिवार सकाळी कोण ड्राइव्ह करून मुलांना आणेल?" मला राग आला आणि थोडं बरंही वाटलं.

पहिल्या शनिवारी एका चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये मुलं जमली. सगळी इथेच जन्मलेली. मी लेझीम छातीशी धरून "हुश्शार!" म्हटलं. पहिल्या रांगेतली एक बारा वर्षांची मुलगी, दातांना तारा लावलेली, शांतपणे म्हणाली, "व्हाय, आजी?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळ्या नोकरीत मला कुणी 'का' विचारलं नव्हतं. डावा पाय आधी का, गुडघ्यात का वाकायचं, एका रांगेत का. "का म्हणजे काय? मी सांगते म्हणून!" मी ओरडले.  मुलीने लेझीम नीट खाली ठेवली आणि आईच्या गाडीत जाऊन बसली. पुढच्या शनिवारी ती आली नाही, आणि तिच्या मागोमाग अर्धी मुलं गळाली.

मंडळाचे अध्यक्ष नागपूरचे, बोलायला गोड. म्हणाले, "काकू, आता तुम्हीच बघा नं. पुढच्या वेळी पण एवढेच आले तर लेझीम कॅन्सल करू. बॉलिवूड डान्स बसवून द्यायला एक जण तयार आहे." मी वरवर हसले. घरी येऊन मुलाला चार गोष्टी सुनावल्या, त्याचा काही दोष नसताना. मला ती लेझीम हवी होती. पुन्हा एकदा ओळ एका पावलावर चालताना बघायची होती, आणि ऑक्टोबरमध्ये परत जाताना इथे आपलं काहीतरी सोडून जायचं होतं.

त्याच आठवड्यात तो प्रशियन माझ्या गळ्यात पडला. लायब्ररीत आम्हा बाहेरून आलेल्यांसाठी इंग्रजी बोलायचा वर्ग असायचा. तिथल्या बाईंनी चिठ्ठ्या केल्या होत्या. बाहेरून येऊन या देशाच्या उपयोगी पडलेल्या माणसांच्या नावांच्या. जी चिठ्ठी येईल त्या माणसाबद्दल पाच मिनिटं बोलायचं. शेजारच्या व्हिएतनामी काकांना एक गायिका आली. मला कोण, तर प्रशियाचा, म्हणजे जुन्या जर्मन राज्याचा लष्करी अधिकारी, ज्याने अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पहिल्या सैन्याला कवायत शिकवली. सुनेने मला मुलांच्या विभागातलं सोप्या इंग्रजीतलं पुस्तक आणून दिलं आणि मी कंटाळत कंटाळत ते उघडलं.

दोन पानांत माझा कंटाळा पळाला. हा गृहस्थ पोरसवदा वयातच फौजेत शिरला. लढाया केल्या, जखमा झेलल्या, रशियनांच्या कैदेत राहून आला. पुढे खुद्द राजाच्या हाताखाली काम शिकला. युद्ध संपलं आणि त्याला कॅप्टनच्या हुद्द्यावरून घरी पाठवलं. मग कित्येक वर्षं कुठल्याशा छोट्या संस्थानिकाच्या दरबारात सरबराई करत बसला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. शेवटी पॅरिसला गेला. तिथल्या अमेरिकेच्या माणसांना त्याची हुशारी कळली, पण नुसत्या कॅप्टनला कोण विचारणार? त्यांनी शिफारशीच्या पत्रात त्याला सरळ लेफ्टनंट जनरल करून टाकलं.

मी पुस्तक मिटून मुलाला हाक मारली आणि तेवढं पान त्याला वाचायला लावलं. "बघ, मी म्हणालो नव्हतो?" असं म्हणून तो बेशरमपणे फ्रिज उघडायला गेला.

असा हा खोट्या हुद्द्याचा खरा शिक्षक ऐन हिवाळ्यात, आपलं कुत्रं घेऊन, पेनसिल्व्हेनियातल्या छावणीवर पोचला. सैनिकांच्या पायांत धड जोडे नाहीत, पन्नास जण पन्नास तऱ्हांनी बंदूक धरताहेत, आणि स्वयंपाक नि शौच जवळजवळ एकाच ठिकाणी. त्याने आधी ती घाण वेगळी केली, शौचकूप उताराकडे आणि चुली दुसऱ्या टोकाला. हे वाचून मला तो माणूस एकदम आवडला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. पहाटे उठून कवायतीचे धडे फ्रेंचमध्ये सांगायचा, मदतनीस भाषांतर करायचे. संतापला की जर्मन आणि फ्रेंचमध्ये शिव्या द्यायचा, आणि त्या संपल्या की मदतनिसाला सांगायचा, आता तू यांना इंग्रजीत दे. सैनिक हसायचे आणि शिकायचे. सगळ्या फौजेला एकदम हात न घालता त्याने आधी एक तुकडी तयार केली. तिने मग बाकीच्यांना तयार केलं. पुढे अमेरिकन आपलं स्वातंत्र्ययुद्ध जिंकले, तो इथेच राहिला आणि याच मातीत गेला.

पण मी अडले ते एका पत्रापाशी. युरोपातल्या जुन्या सोबत्याला त्याने लिहिलं होतं, की तुम्ही आपल्या शिपायाला अमुक कर म्हणता आणि तो करतो. इथे मला आधी सांगावं लागतं की हे अशासाठी करायचं, मग तो करतो.

मी ते पान पुन्हा वाचलं. हातात चाबूक असल्यासारखी शिस्त ज्या मुलखात, तिथे हा माणूस वाढलेला. त्याला जर कारण सांगताना कमीपणा वाटला नाही, तर माझं काय घोडं अडलं होतं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या मुलीच्या घरची बेल वाजवली. तिची आई चहा टाकायला धावली, मी मुलीला अंगणात बोलावलं. "विचार," म्हटलं, "काय विचारायचंय ते." तिने सगळं विचारलं. डावा पाय आधी, कारण शेजारणीचा उजवा पुढे आला तर तिची लेझीम तुझ्या कोपराला लागेल. गुडघ्यात वाकायचं, कारण नुसतं कमरेतून वाकलीस तर पाठ भरून येईल आणि ठेका सुटेल. 'हुश्शार' कशासाठी, तर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यावा म्हणून. काही कारणं मला आधी माहीत होती, काही तिला सांगता सांगता सुचली. शेवटी ती म्हणाली, "ओके. दॅट मेक्स सेन्स." मग जीव लावून करू लागली.

तिला आणि आणखी चारपाच जणांना मी आधी पक्कं केलं, मग एकेकाच्या हाती पाचसहा मुलं दिली. गळालेली परत आली, नवी आली. पालकांना मी सांगून टाकलं की मी संचालिका वगैरे काही नाही, साधी पी.टी.ची बाई आहे. कुणीही भुवई उंचावली नाही, त्यांना घरी लवकर पोचायचं होतं. बॉलिवूड डान्सचं नाव निघेनासं झालं. लायब्ररीत मात्र मी पाच मिनिटांऐवजी चांगलं अर्धा तास बोलले, आणि व्याकरणाच्या चुका कुणी काढल्या नाहीत.

चार जुलैला मोठ्या माणसांनी फुटपाथवरच थांबायचं असा आयोजकांचा नियम निघाला. हुकूम ती मुलगी देणार होती. मी मुलांना पुन्हा पुन्हा बजावून सांगितलं होतं, व्यासपीठ उजव्या हाताला, मानवंदना तिकडे. हलगी जवळ आली. पावलं एक, साखळ्यांचा आवाज एक, ओळ अशी की साताऱ्यातही क्वचित दिसली असेल.  व्यासपीठापाशी तिने "हुश्शार!" म्हटलं, आणि सगळी तुकडी डावीकडे वळली. मान्यवरांना पाठ दाखवून, फुटपाथकडे तोंड करून त्यांनी पवित्रा घेतला, लेझीम कपाळाशी नेली आणि तुकडी पुढे गेली.

मी रागाने लालबुंद. मिरवणूक संपते तिथे गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचले. ती घामाघूम, हातात पाण्याची बाटली. ओरडायला तोंड उघडलं होतं. पण इतक्या शनिवारांची सवय लागली होती. मी विचारलं, "का गं?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू एवढी सोपी गोष्ट या बाईला कशी कळत नाही.

"बिकॉज यू वेअर स्टँडिंग ऑन दॅट साइड, आजी."