कोंबड्यांना गप्प करणारी शिट्टी

पनवेलहून कर्नाळ्याकडे जाणाऱ्या इको गाडीत आम्ही सगळे एकदम बोलत होतो. पुढे एक बाई मांडीवर अँटिबायोटिकच्या बाटल्या घेऊन बसल्या होत्या. त्यांनी अचानक लांब शिट्टी मारली. सगळे गप्प.

“शेडात शिरताना मी अशीच मारते,” त्या म्हणाल्या. “कोंबड्या गप होतात, मंग कुनाची छाती घरघरते ते कलतं. सर्दीची साथ आलीय ना, आजारी येगल्या काढाव्या लागतात.”

तेवढ्यात मी खोकलो.

“याला येगला बसवा.”

हसून हसून गाडी हलायला लागली. रस्त्यालगतच्या शेडपाशी बाई उतरल्या आणि जवळजवळ धावतच आत गेल्या. लगेच तीच शिट्टी ऐकू आली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. कुणी हूं की चूं करेना. मी येणारा खोकला रुमालात दाबून धरला.