दारातल्या यंत्रानं नाकारलेली सुभद्राबाई

इच्छापोरच्या साड्यांच्या कारखान्यात सुभद्राबाई महाले चौदा वर्षं घडीकाम करत होती. साडीची घडी घालायची, खोक्यात बसवायची. कोसाडहून रिक्षानं यायची ती थेट आत जायची. तिला कोण अडवणार?

त्या सोमवारी मात्र दारावर नवं यंत्र बसलं होतं. समोर उभं राहायचं, तोंड दाखवायचं, की यंत्र नाव बोलून फाटक उघडणार. सगळ्या बायका भराभर आत गेल्या. सुभद्राबाई उभी राहिली आणि यंत्र लाल झालं. तिनं पदर मागे सारला, चष्मा काढला, पुन्हा उभी राहिली. पुन्हा लाल.

मागे तिची मुलगी सोनाली होती. तीन महिन्यांपूर्वी कामाला लागलेली, तिचं नाव यंत्रात अजून चढलंच नव्हतं. आईचं काय अडलंय म्हणून तिनं मान पुढे काढली, तोच यंत्र हिरवं झालं. "सुभद्राबाई महाले, स्वागत आहे." फाटक उघडलं.

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

मुकादम गोपाल धावत आला. "मावशी, हा काय प्रकार? तुमच्या नावावर रोज पोरगी येते की काय?"

"मी शे ना सुभद्रा! चौदा वर्षांपासून तू मला ओळखतोस."

"मी ओळखतो हो. पण यंत्रात मी काय लिहू?" त्यानं संगणकाचा पडदा तिच्याकडे फिरवला. "बघा, हा तुमचा फोटो."

सुभद्राबाईनं पाहिलं. भरलेले गाल, काळेभोर केस, ओठाशी दबलेलं हसू. "हाई तं सोनाली शे," ती म्हणाली.

"नही माय," सोनाली हळूच म्हणाली, "हाऊ फोटो तुनाच शे. माझ्याकडे अशी साडी नही."

कामाला लागताना दिलेला जुना फोटो कार्यालयानं तसाच यंत्रात घातला होता. मधल्या काळात दोनदा टायफॉइड झाला, दाढा काढल्या, गाल आत गेले. आरशात रोज बघूनही सुभद्राबाईला हे कळलं नव्हतं.

"मंग मी कोन शे?" तिनं विचारलं. गोपालनं पडदा पुन्हा स्वतःकडे फिरवला.

आतून पुष्पाबाई, मंगलाबाई, सगळ्या ओरडल्या, "हीच सुभद्रा! आम्ही सांगतो!" पण बायकांचं सांगणं यंत्रात भरायला जागा नव्हती. तीन दिवस गोपालनं तिची हजेरी वहीत लिहिली.

गुरुवारी कार्यालयातला माणूस आला. "सरळ बघा, हसू नका," म्हणत त्यानं नवा फोटो काढला.

"जुना तेवढा कागदावर काढून द्याल?" तिनं विचारलं. "त्या वयाचा दुसरा नही माझ्याकडे."

"नवा चढला की जुना पुसला जातो, मावशी. आता गेला तो."

ती यंत्रासमोर उभी राहताच फाटक उघडलं, यंत्र तिचं नावही बोललं. बरं वाटायला हवं होतं. वाटलं की नाही, तिला ठरवता येईना.

चहाच्या सुटीत तिनं सोनालीला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि न्याहाळत राहिली.

"काय देखी ऱ्हायनी, माय?"

"काही नही. च्या पी, थंडा होई ऱ्हायना."