पडद्याकडे पाठ करणाऱ्या बाई

सवालवाल्या बाई सिनेमा पाहत नसत. संध्याकाळी वस्तीच्या मैदानात दोन बांबूंना पडदा बांधला, सरकारी गाडीतलं यंत्र घरघरायला लागलं, की आम्ही सारे पडद्याकडे तोंड करून बसायचो आणि बाई पडद्याच्या कडेला, त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. उजेड आमच्या तोंडांवर पडायचा आणि त्या आमची तोंडं पाहायच्या. कोण हसलं, कोणी पदर ओढला, कोण मूल काखोटीला मारून उठून गेलं. मी पुढे एकदा भीत भीत विचारलं तर म्हणाल्या, "पडद्यावर काय आहे ते बनवणाऱ्यांना ठाऊक आहे. ते तुमच्यात कसं उतरतं, ते मला बघायचंय."

त्यांचं कामच ते होतं. पाणी उकळून प्या, हात धुवा, मुलांना लस टोचून घ्या, असे माहितीपट तेव्हा गावोगाव फिरत. ते पाहून लोकांत काही फरक पडतो का, हे शोधायला बाईंना पुण्याहून नागपूरला पाठवलं होतं. सदर भागात एका खोलीत राहायच्या. वय पस्तिशीचं, अंगावर खादीची साडी, खांद्याला झोळी. सिनेमा होऊन आठवडा गेला की घरोघर जाऊन विचारायच्या, म्हणून बाया त्यांना सवालवाली बाई म्हणत. बाईंना ते नाव आवडायचं.

पण बाया त्यांच्यापुढे बोलत नसत. म्हणून त्यांनी घरं माहीत असलेली एक मुलगी शोधली आणि ती मी निघाले. मी चौथी शिकलेली, आईसोबत घरी बिड्या वळायची, चार माणसांत तोंड उघडायची नाही. बाई दारात येऊन विचारत होत्या, तेव्हा आई आत अंधारात बसली होती. तिथूनच म्हणाली, "जाय वं शांते. घरात बसून का करतं."

आई आत का बसली होती, ते बाईंना माहीत नव्हतं. आमच्या मैदानात हात धुण्याचा जो माहितीपट दाखवला, त्यात आई होती. वर्षभर आधी माणसं येऊन तिचे फोटो काढावेत तसा सिनेमा काढून गेली होती. एवढंच तिला माहीत होतं, की आपण पडद्यावर दिसणार. ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. आणि पडद्यावर आले ते तिचे हात. पडदाभर दोन हात, काळी बोटं, माझ्या लहान भावाला घास भरवताना. वरून आवाज आला, अशा हातांनी मुलाला भरवू नका. मागून कोणीतरी ओरडलं, "सुभद्रे, अवं तुहेच व्हय ना हे." सारी वस्ती हसली. दुसऱ्या दिवसापासून नळावर मी जाऊ लागले.

बाईंची विचारायची रीत वेगळी होती. खाट पुढे केली तरी त्या जमिनीवर बसायच्या. सिनेमा आवडला का, असं कधी विचारत नसत. "आवडला का विचारलं की माणसं मला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात," असं त्या मला शिकवायच्या. त्या फक्त म्हणायच्या, "काय आठवतं?" आणि गप्प बसायच्या. समोरची बाई अवघडून काहीतरी बोलेपर्यंत गप्प. बाया माझ्याकडे पाहायच्या, एकमेकींना कोपर मारायच्या आणि म्हणायच्या, "काळे हात आठवते, बाई." मी खाली मान घालून जमिनीवर बोटाने रेघा ओढत बसायची.

बाईंना मात्र आनंद व्हायचा. एकदा गांधीबागेत त्यांनी मला पोहे खाऊ घातले. पोह्यांवर तर्री घेतली आणि ठसका लागून डोळे पुसत म्हणाल्या, "शांता, दहा गावांत फिरले, लोक घरी जाईपर्यंत सगळं विसरतात. इथे प्रत्येकीला ते हात आठवतात. अगं, पहिल्या रांगेत पांढरं लुगडं नेसलेली एक बाई होती. हात दिसले आणि तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. इतकी हललेली बाई मी कुठे पाहिली नाही." माझ्या तोंडातला घास तसाच राहिला. बाई म्हणाल्या, "तिखट लागलं का गं?" मी मान हलवली.

घरी गेले की आई विचारायची, "का म्हनल्या आज बाया?" मी म्हणायची, सिनेमातलं विहिरीचं गाणं आठवते म्हणतात. आई बोटांना राख लावून चोळत ऐकायची.

शेवटी शेवंताकाकूने ते बाहेर काढलं. ती आमच्या मागल्या गल्लीतली, जिभेला हाड नसलेली, पण मनाची वाईट नव्हती. बाईंनी "काय आठवतं?" म्हटल्यावर ती म्हणाली, "आमाले काहून पुसून राहिल्या बाई? हिले पुसा ना. हिच्या मायचेच त हात होते थे. पोरगी रोज तुमच्याबरोबर फिरून राहिली, अन तुमाले पत्ता नाही?"

बाई उठल्या. गल्लीच्या तोंडापर्यंत भराभर चालल्या. मग थांबल्या. "खरं आहे?" मी मान हलवली. "सांगितलं का नाहीस?" बाईंचा चेहरा पांढरा पडला होता. म्हणाल्या, "मी ती फिल्म पाहिलेलीच नाही गं. एकदाही नाही. पाहिली असती तर पहिल्या रांगेतली ती बाई कोण, ते तिथेच ओळखलं असतं." ज्या रीतीचा त्यांना अभिमान होता, त्या रीतीनेच त्यांना फसवलं होतं.

तशाच त्या घरी आल्या. आईने हात धुतले, गडवा धुतला, पुन्हा हात धुतले, गडवा राखेने घासून परत धुतला आणि मग पाणी दिलं. बाईंना ते पिववेना. आई मला वाटलं रडेल, पण ती हळू आवाजात बोलत राहिली. "ती माणसं आली, तवा मी पांढरं लुगडं नेसली होती, बाई. दीक्षेच्या वेळचं. पोराले आंघोळ घातली होती. ते म्हनले, हे नको, कामाचं नेसा, पोराचं नाक पुसू नका. घरी पाहुणे आले, त्याईले नाही कसं म्हनावं? अन हा डाग तंबाखूचा हाय. तीस वर्सं बिड्या वळल्या. हा मळ नोहे, धुतल्यानं जात नाही."

बाई म्हणाल्या, "मी काय करू, सांगा."

आईने आयुष्यात कोणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. ती म्हणाली, "पुढल्या आठवड्यात गाडी मौद्याकडे जानार म्हनते. तिकडंच माह्या माहेरचं गाव हाय. माहा भाऊ तिथं हाय. तेवढ्या गावात थे नका दाखवू."

बाई दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेल्या. परत आल्या तेव्हा ओट्यावर बसल्या, आत आल्या नाहीत. मला म्हणाल्या, "साहेब म्हणतात, तुम्हीच सांगितलं ना, लोकांना हातच आठवतात? मग तेच कसं कापायचं?" आणि मग म्हणाल्या, "माझंच वाक्य आहे."

मौद्याकडच्या त्या गावी त्या मला सोबत घेऊन गेल्या. मामा-मामी समोरच बसले होते. वारा होता, पडदा फडफडत होता, आईचं तोंड पडद्यावर आलं ते क्षणभर आणि पुसट. मामा शांत होता. मला वाटलं, सुटलो. नुसते हात पाहून हे कोणाचे, ते कोण ओळखणार?

तेवढ्यात पडदाभर हात आले आणि बाईंनी यंत्र थांबवायला सांगितलं. लोकांपुढे उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "हे हात घाणेरडे नाहीत. तुमच्याच गावच्या लेकीचे आहेत, सुभद्राबाईंचे. हा बिडीच्या तंबाखूचा डाग आहे. त्या दिवशी त्या पांढरं लुगडं नेसून बसल्या होत्या, सिनेमा काढणाऱ्यांनी ते बदलायला लावलं." एवढ्या आदराने माझ्या आईचं नाव चारचौघांत कोणी घेतलं नव्हतं.

कोणी हसलं नाही. सारं गाव मामाकडे पाहत होतं, आणि मामा पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. बाईंनी ती तोंडं पाहिली. तोंडं वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. आपण काय केलं ते त्यांना तिथेच कळलं. गाडीत बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "कुणी ओळखलं नव्हतं, ना?" मी म्हटलं, "नाही बाई."

त्यांनी ते आईपासून लपवलं नाही. समोर बसून सगळं सांगितलं. आई राखेने बोटं चोळत ऐकत होती. मग म्हणाली, "पांढऱ्या लुगड्याचं सांगतलं?"

"सांगितलं."

"बरं केलं," आई म्हणाली. बाई वाकून तिच्या पाया पडल्या. आईने पाय मागे ओढून घेतले. त्यानंतर महिनाभरात बाई काम सोडून गेल्या. मला वाटतं, मी आजही कोणाशी बोलताना आधी समोरच्याचं तोंड पाहते आणि मग गप्प बसते, ते बाईंमुळे.

त्या उन्हाळ्यात मामाच्या मुलीचं लग्न होतं. मामा स्वतः न्यायला आला. आई तेच पांढरं लुगडं नेसून गेली. माहेरच्या कोणत्याही लग्नात भात वाढायचा मान तिचा असे. पंगत बसली आणि तिने सवयीने भाताची परात उचलली. मामीने ती तिच्या हातातून अलगद काढून घेतली. "राहू द्या वन्सं, तुम्ही पाहुण्या आहा. बसा."

मामी गोड बोलली होती. आई बसली. हात पदराखाली घेतले. तिच्यासमोर पत्रावळ आली, त्यावर भात पडला, वरण पडलं. शेजारची म्हातारी म्हणाली, "जेव ना वं सुभद्रे."

आई म्हणाली, "मले भूक नाही."